आधी गादी वर घ्या, सिंहाचं नंतर बघू

पत्र :

ताई, माझे मिस्टर इथे दक्षिण आफ्रिकेत साखर कारखान्यात आहेत. आठ महिन्यांपासून आम्ही मार्लोथ पार्कमध्ये भाड्याच्या घरात राहतो. नदीपलीकडे क्रुगरचं राष्ट्रीय उद्यान. मुलगा सहा वर्षांचा आहे. महिन्यापूर्वी सासूबाई आल्या, तीन महिने राहणार आहेत. त्या शिराळ्याकडच्या. रोज सकाळी पहिली चपाती दारात आलेल्या कुडू हरणाला घालतात, गोग्रास म्हणून. आधी एक मादी यायची, आता सात येतात आणि चपाती मिळेपर्यंत हलत नाहीत. परवा वॉर्टहॉग, म्हणजे इथला सुळेवाला रानडुक्कर, थेट स्वयंपाकघरात शिरला आणि पिठाचा डबा पाडला. अजून कपाटाखालून पीठ निघतंय. शेजारच्या आजी येऊन ओरडून गेल्या. मिस्टर म्हणतात, आईचं मन मोडू नकोस. त्यात गेल्या आठवड्यात ग्रुपवर निरोप आला की सिंह कुंपणातून आत आलाय. तेव्हापासून मला झोप नाही. सासूबाई मात्र निवांत. त्यांना उकडतं म्हणून ओसरीलगतच्या खोलीत खाली गादी घालतात आणि दार उघडं टाकून झोपतात. मी प्लॉटला कुंपण घालून घेऊ, घर सोडू, की सासूबाईंना परत पाठवू?
– एक सून, मार्लोथ पार्क

उत्तर :

बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सिंहाशी थांबले. दुसऱ्यांदा वाचताना गादीशी थांबले आणि मग पुढचं वाचवेना. तू ते वाक्य जाता जाता लिहिलंयस, पण तुझ्या घरात आज खरा धोका कुठे असेल तर तो त्या गादीवर आहे.

तुमच्या भागात एक थुंकणारा नाग असतो, मोझांबिक स्पिटिंग कोब्रा. तिथली माणसं त्याला मफेझी म्हणतात. वरून तपकिरी-राखाडी, पोटाकडे गुलाबीसर आणि गळ्यावर काळे पट्टे. फार मोठा नसतो, मीटरभर. तो रात्री हिंडतो आणि बेडूक, उंदीर, पाली शोधत घरात शिरतो. याच्या चाव्याच्या कितीतरी घटनांमध्ये माणूस झोपेत असतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाने कूस बदलली, साप दबला, चावला, एवढी साधी गोष्ट. जीव सहसा वाचतो, पण चावलेल्या जागचं मांस सडतं आणि महिनोन् महिने दवाखान्याच्या फेऱ्या होतात. उगाच घाबरवत नाहीये. आमच्या कामाला येणाऱ्या बाईंच्या भाचीचा हात मी पाहिलाय, कोपरापासून मनगटापर्यंत. तीही चटईवरच झोपली होती.

तेव्हा आज रात्रीच गादी पलंगावर घ्या. पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा, चादर जमिनीवर लोळू देऊ नका. दार बंद, दाराखालच्या फटीला रबराची पट्टी. उकडणारच. पंखा लावा, नाहीतर खिडकीला जाळी बसवून ती उघडी ठेवा. मच्छरदाणी डासांसाठीही हवीच, कारण तुमचा सगळा पट्टा मलेरियाचा आहे आणि सप्टेंबर ते मे हंगाम असतो. सासूबाई गोळ्या सुरू करून आल्या नसतील तर उद्याच डॉक्टरांना विचार. आणि भारतात परतल्यावर महिन्या-दीड महिन्यात ताप आला, तर तिथल्या डॉक्टरांना ‘आफ्रिकेतून आलेय’ हे पहिलं वाक्य सांगायचं, हे त्यांच्याकडून घोकून घे. इथला मलेरिया बहुतेक मेंदूवर जाणारा असतो. तो दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही.

आता साप. सासूबाई शिराळ्याच्या म्हणजे त्यांना नागाची भीती नाही, हे मला कळतं. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी त्यांनी लहानपणापासून पाहिली असणार. पण त्यांच्या गावचा नाग फणा काढतो, फुत्कारतो, थुंकत नाही. हा दोन-तीन मीटरवरून नेमका डोळ्यांवर विष उडवतो. हात जोडून समोर उभं राहणाऱ्या माणसाचा चेहरा त्याच्या अगदी टप्प्यात येतो. डोळ्यांत गेलंच तर चोळायचं नाही. नळाखाली डोळे उघडे धरून पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडायचं आणि तसंच डॉक्टरकडे. दूध, मध, हळद, काही नको.

आणखी एक. सासूबाईंनी येताना कुणाच्या सांगण्यावरून हाफकिनच्या सर्पदंशावरच्या लसीची कुपी आणली असेल तर ती इथे उपयोगाची नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते. इथली जोहान्सबर्गला बनते, दहा सापांसाठी. त्यात ब्लॅक माम्बा येतो, पफ अॅडर येतो आणि तुमचा हा थुंकणाराही. बूमस्लँग या झाडावरच्या सापासाठी वेगळी लस लागते. कुठलीही लस दवाखान्यातच, डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायची असते. चावा कुठलाही असो, चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, साप मारून पिशवीत घ्यायचा नाही. गाडीत बसायचं आणि वाटेत फोन करायचा. नेल्सप्रूट हे मोठं शहर तुमच्यापासून शंभरेक किलोमीटर आहे, म्हणून त्याआधीच्या कुठल्या दवाखान्यात लस ठेवतात याची चौकशी शांत डोक्याने या आठवड्यात करून ठेव. साप पकडणाऱ्या माणसाचा नंबर फ्रीजवर चिकटव. तुमच्या वस्तीत असा कोणीतरी असतोच. तो येईपर्यंत लांबून सापावर नजर ठेवायची, एवढंच आपलं काम.

तू विचारशील, चपातीचा प्रश्न विचारला आणि ताई सापावरच बसल्या. अगं, पण त्या चपातीचीच वाट गादीपर्यंत जाते. चपातीसाठी कुडू दारात आले, त्यांच्यामागे वॉर्टहॉग आला, त्याने पीठ सांडलं. कपाटाखाली राहिलेल्या पिठावर उंदीर येतील, आणि उंदरामागे कोण येतं ते वर लिहिलंय. ओसरीवरचा दिवा रात्रभर जळत असेल तर किडे येतात, किड्यांवर बेडूक. म्हणून कपाट ओढून पीठ पुसून काढ, दिवा झोपताना बंद कर.

आता कुडू. इथे मला माझंच सांगायला हवं, कारण तुझ्या सासूबाईंना नावं ठेवायला मी मोकळी नाही. आम्ही हूडस्प्रूटजवळ अशाच एका वस्तीत अकरा वर्षं काढली. पहिल्याच हिवाळ्यात सगळं वाळून गेलं होतं आणि एक दोनेक वर्षांचा कुडू नर आमच्या ओसरीशी यायचा. शिंगांना जेमतेम पहिला पीळ पडलेला. मी त्याला गाजर द्यायची. मऊ, ओलसर नाक तळहाताला लागायचं, कान असे बशीसारखे वळायचे. काय सांगू, दिवस सोन्याचा व्हायचा. तिसऱ्या वर्षी त्याची शिंगं माझ्या हाताहून लांब झाली होती आणि तो दोनशे किलोच्या वर गेला होता. एका सकाळी मी आत फोनवर होते. गाजर आलं नाही म्हणून त्याने जाळीच्या दारात डोकं घातलं. जाळी फाटली, शिंग आत, आणि सोडवायला गेलेल्या माझ्या नवऱ्याचा दंड उसवला. अकरा टाके. त्यात त्या जनावराचा रागही नव्हता. त्याच्या लेखी तो उशीर झालेला नाश्ता मागत होता. पण माणसांच्या दारात शिंग घालणारं जनावर वस्तीत ठेवता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला गोळी घातली. आवाज घरापर्यंत आला. फ्रीजमध्ये गाजरं तशीच होती.

तुझ्या दारातल्या सात कुडूंमध्ये एखादा लहान नर आहे का, ते बघ.

शेजारच्या आजी ओरडल्या याचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्या बहुधा वेगळ्याच गोष्टीला घाबरल्या असतील. गाईगुरांचा जो क्षय असतो, तो क्रुगरच्या दक्षिण भागात केप बफेलोंमध्ये पहिल्यांदा सापडला १९९० साली. तो तिथे पोचला नदीच्या अलीकडच्या, म्हणजे तुमच्याच बाजूच्या, पाळीव गुरांकडून असं मानतात. आता तो कुडूंमध्येही आहे. कानाखाली लिंबाएवढी, कधी संत्र्याएवढी गाठ येते, फुटते, पू वाहतो. असं एक जनावर रोज सकाळी ठरलेल्या जागी ठरलेल्या थाळीत तोंड घालायला लागलं आणि बाकीचे सहा त्याच थाळीत, तर पुढचं सांगायला नको. एरवी ही जनावरं झाडाझाडावर पांगून खातात. आपणच त्यांना एका पंगतीला बसवतो. अशी गाठ दिसली तर जवळ जाऊ नका, फोटो काढून रेंजरना कळवा. आणि आजींकडे एकदा चहाला जा. तिथल्या आफ्रिकान्स भाषेत थोरल्या बाईला ‘तान्नी’ म्हणतात, आपली मावशीच. तशी हाक मारलीस तर निम्मा राग तिथेच जाईल.

पण हे सगळं सासूबाईंना सांगायचं कसं? क्षय, जंतू, नियम, यातलं काही सांगू नकोस. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला एकच प्रश्न विचार. ‘आई, लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात गाईने भरपूर खाल्ला तर काय होतं?’ त्यांना माहीत आहे. पोट फुगतं, गाय रवंथ टाकते, आडवी होते, रात्री डॉक्टरला उठवावं लागतं आणि कधी कधी सकाळी गाय नसते. शिजलेलं पिठूळ अन्न रवंथ करणाऱ्याच्या पोटात भराभर आंबतं आणि आम्ल होतं. गाय निदान गवत-कडबा खाणारी. कुडू तर झाडपाल्यावर जगणारा, त्याचं पोट पाल्यासाठीच घडलेलं. सात जणांत वाटलेल्या एका चपातीने कोणी मरणार नाही, हे त्याही म्हणतील. पण चपाती एकच राहिलीये का, हे तूच मोजून बघ. शिळी पोळी, उरलेला भात, सफरचंदाची सालं. महिन्याभरात त्या थाळीत काय काय जायला लागलं?

कडक दुष्काळात तुमच्याकडे लोक लुसर्नच्या, म्हणजे लसूणघासाच्या, पेंढ्या आणि गोळीपेंड टाकतात, त्यावर तिथे कायम वाद चालतो. टाकायचं की नाही हे वस्तीने आणि रेंजरनी ठरवावं. आपण पाहुण्यांनी, भाड्याने राहणाऱ्यांनी, त्यात पडू नये असं माझं मत. कुणाला पटणार नाही, ठीक आहे.

चपाती थांबवली की आठ-दहा दिवस कुडू दारात उभे राहतील, कदाचित काच हुंगतील. त्या दिवसांत मुलाला त्या दाराने सोडू नकोस. ओरडायचं नाही, हाकलायचं नाही, दार उघडायचं नाही. नंतर ते येतील, पण आपल्या वाटेने येतील आणि बुशविलोचा पाला खात पुढे जातील. आई आणि पाडस यांच्या मधून कधी जाऊ नका, मग ते कुडू असोत की झेब्रे. झेब्र्याच्या लाथेचं सगळे सांगतात, तो चावतोही जोरात. वॉर्टहॉग पुढचे गुडघे टेकून चरताना गरीब दिसतो, मुलाला तर नमाज पढतोय असं वाटेल. त्याच्या बिळाच्या तोंडाशी मात्र उभं राहायचं नाही. बाहेर येतो तेव्हा सुळे पुढे करून, वेगात येतो.

माकडांचं तू लिहिलं नाहीस, म्हणजे अजून आलेली नाहीत. येतील. फळांची टोपली खिडकीतून दिसणार नाही अशी ठेव.

सासूबाईंच्या हाताला मात्र काम हवं. पहाटे पाचला उठणारी, आयुष्यभर दारातल्या जनावराच्या तोंडात घास घातलेली बाई तीन महिने सोफ्यावर बसणार नाही. तुझ्या अंगणात एकदा खाली बघ. तिथे घाणेरी असेल, तीच आपली टणटणी. काँग्रेस गवत तर नक्कीच असेल. आपल्याकडे ते १९५० च्या दशकात पुण्याच्या आसपास पहिल्यांदा लक्षात आलं आणि पुढे सगळ्या महाराष्ट्राचे बांध खाल्ले. इथे कोमाटीपूर्टच्या पट्ट्यात त्याने तोच धुमाकूळ घातलाय. ते वाढलं की खालचं गवत मरतं आणि झेब्रे, इम्पाला हरणं उपाशी राहतात. हे कसं उपटायचं, फुलावर येण्याआधीच का उपटायचं, हे तुझ्या सासूबाईंना तुझ्या माळ्यापेक्षा जास्त कळतं. हातमोजे आणि लांब बाह्या, नाहीतर अंगाला खाज सुटेल. सकाळी ऊन चढल्यावर, बूट घालून, आधी काठीने झुडूप हलवून मग हात घालायचा. तान्नींनाही बोलाव. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण तण उपटायला भाषा कशाला लागते? महिन्याभराने त्या मोकळ्या जागेत इम्पाला चरताना दिसली की तो घास सासूबाईंनीच घातलेला असेल. त्यांना तसं सांग.

आता सिंह. भीती खोटी नाही. क्रोकोडाइल नदीच्या पलीकडे जवळपास १९,५०० चौरस किलोमीटरचं, सांगली जिल्ह्याच्या दुपटीहून मोठं जंगल आहे आणि मध्ये फक्त नदी आणि कुंपण. नदीला पाणी कमी झालं, पुराने कुंपण उखडलं, की अधूनमधून सिंह अलीकडे येतो. तरस आणि बिबटे तर येतच राहतात. निरोप आला की करायचं ते थोडकंच. अंधार पडल्यावर पायी बाहेर पडायचं नाही, कचरा टाकायलासुद्धा. गाडी दाराला लावायची, उतरण्याआधी बॅटरी चौफेर फिरवायची, मुलाचा हात सोडायचा नाही. पहाटे चालायला जायचं नाही. आणि सिंह कुठे आहे ते बघायला गाडी काढणाऱ्यांबरोबर तर अजिबात जायचं नाही. असे उत्साही प्रत्येक वस्तीत असतात. चांदोलीच्या बाजूला उसात बिबट्या आला की शिराळ्याची माणसं जी काळजी घेतात तीच ही. सासूबाईंना विचार, ऊसतोडीला बसलेल्या बायका पाठीमागे का बघत राहतात. सिंहाचं त्या तुझ्यापेक्षा बरं सांभाळतील.

कुंपणाचं म्हणशील तर त्या गावाची रीतच अशी आहे की एका प्लॉटला दुसऱ्यापासून तोडणारं कुंपण नाही. म्हणून तर जिराफ रस्ता ओलांडून तुझ्या अंगणात येतो. घरालगत मुलाला खेळायला लहानशी जागा बंद करता येते का, ते मालकाला आणि नगरपालिकेला विचारून घे. सगळा प्लॉट बंद करायचा असेल तर मग मालेलानेत, कारखान्याच्या जवळच घर घेतलेलं बरं. त्यात कमीपणा काही नाही. पण हा निर्णय आत्ता, झोप उडालेली असताना घेऊ नकोस. सासूबाईंना तर मुळीच पाठवू नकोस.

मुलाचं एक सांगते. रात्री अनवाणी नाही, आणि सकाळी बूट उलटे आपटून मगच पायात, ही सवय त्याला धाकाने लागणार नाही. त्याला एक जांभळ्या उजेडाची, अल्ट्राव्हायोलेट बॅटरी आणून दे. जेवणानंतर ओसरीच्या कठड्यावरून, बाबांच्या कडेवर बसून, ती भिंतीच्या कडेला आणि लाकडांच्या ढिगावर मारायची. विंचू असेल तर हिरवट-निळा चमकतो, रेडियमच्या घड्याळासारखा. मग ओळखायला शिकवायचं. पुढचे चिमटे जाड आणि शेपूट बारीक, तर दुखेल पण निभावेल. चिमटे बारीक आणि शेपूट जाड, तर दवाखाना. आमच्या मुलीने एका रात्रीत नऊ मोजले होते. त्यानंतर तिला बुटांची आठवण मला कधीच करावी लागली नाही. गवतातून आल्यावर गोचिडीही बघायच्या, गुडघ्यामागे, काखेत. काळी खपली आणि ताप दिसला की डॉक्टर.

रात्री झाडावरून तान्हं मूल रडल्यासारखा आवाज येत असेल आणि सासूबाई दृष्ट काढत असतील, तर तो बुशबेबी आहे. मांजराएवढा, झुपकेदार शेपटीचा, मोठ्या डोळ्यांचा. दृष्ट काढली तरी त्याचं काही बिघडत नाही. त्यासाठी ओसरीवर केळं मात्र ठेवू नका.

मिस्टरांना हे पत्र वाचायला दे. आईचं मन मोडू नये हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. तर मग पलंग त्यांनीच हलवावा, दाराची पट्टी त्यांनीच आणावी आणि भाताचा तो प्रश्नही आईला त्यांनीच विचारावा. लेकाने विचारला तर तो प्रश्न राहील, सुनेने विचारला तर टोमणा होईल.